नेरेइदावर रचलेली गाणी

होया सेका, ३ मार्च १९७४

पोली,

हे पत्र हाती पडेल तेव्हा तू धडधाकट असशील, अशी आल्ताग्रासियामाउलीपाशी प्रार्थना. आमचं विचारशील तर गुडघा दुखतो आणि दुकान चालतं.

तुझी तबकडी आली. ज्यूकबॉक्सवाला मंगळवारी आला, त्याच्या किल्लीने पेटी उघडली, चार जुन्या तबकड्या काढल्या, चार नव्या घातल्या आणि मला म्हणाला, "एर्सिलियाबाई, सतरा नंबर दाबा, बघा कोण गातंय." मी हात पुसत आले, नंबर दाबला आणि तुझा आवाज आला. खोटं कशाला सांगू, मी पिठाच्या पोत्यावर बसले आणि रडले. आईच्या मोडक्या गिटारीला मासे पकडायची दोरी बांधून वाजवणारा माझा भाऊ पेटीतून गात होता. सगळ्या चौकाला मी एकेक पेला रम फुकट पाजली.

मग दुसरं कडवं आलं.

पोली, तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती? "नदीपलीकडची ती, जिने मला टाकलं, पाठीवर तिच्या डाग आहे, तो मीच पाहिला." नदीपलीकडे आमचं एकच गाव आहे. तू ज्या एकीच्या मागे फिरत होतास ती सगळ्यांना ठाऊक आहे. आणि लहानपणी कॉफी भाजायच्या कढईवर पाठ टेकून नेरेइदा भाजली होती, हे आजवर तिच्या आईला, मला आणि तिच्या नवऱ्याला माहीत होतं. आता ज्याच्या खिशात पाच सेंटावो आहेत त्या प्रत्येकाला माहीत आहे.

तिचा नवरा म्हणजे सेकुंदिनो ब्रेया. तू गेलास तेव्हा तो नुसता गुरंवाला होता. आता गावचा आल्काल्दे आहे, सगळी पाटिलकी त्याच्या हातात, कमरेला एका बाजूला रिव्हॉल्वर, दुसऱ्या बाजूला कोयता. ठाण्याचा हवालदार रविवारी त्याच्याकडेच जेवतो. सध्या तो गुरं खरेदीला सरहद्दीकडे गेलाय, ईस्टरच्या आठवड्यात परत येईल. त्याच्या आत ती तबकडी पेटीतून निघाली पाहिजे. माझ्याकडे किल्ली नाही. तू तुझ्या कंपनीवाल्याला सांग.

तुझी बहीण,
एर्सिलिया


सांतो दोमिंगो, १९ मार्च १९७४

ताई,

तुझं पत्र मी आमच्या बोंगोवाल्याला वाचून दाखवलं. फुकट रमपर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला, असली बहीण मला का नाही. पुढचं त्याला वाचून दाखवलं नाही.

तू घाबरू नकोस. गाणं म्हणजे गाणं. डाग काय, दर दुसऱ्या बाईला असतो. इथे ग्वालेयच्या वस्तीत तीन बायकांनी मला रस्त्यात गाठून विचारलं, "माझ्यावर रचलंस ना?" तिघींनाही मी हो म्हणालो. सेकुंदिनोला झोंबलं तर खाई त्याला खवखवे, मी काय करू?

एकाच सकाळी आम्ही दोन गाणी तबकडीवर भरली. कंपनीच्या मालकाने माईकच्या बाजूला घड्याळ ठेवलं होतं. दुसऱ्या कडव्यात तिथे आधी "डोळ्यात तिच्या खोट आहे" असं होतं. मालक म्हणाला, खोट सगळेच गातात, काहीतरी असं दे की ऐकणारा पेला खाली ठेवेल. मग मी तो डाग दिला. त्याने टाळी वाजवली. रेडिओवर आता दिवसातून चार वेळा लागतं. मोठ्या घरांत अजून आमच्या गाण्याला नाकं मुरडतात, म्हणतात ही कुंटणखान्यातली रडगाणी. मुरडू देत. त्यांच्या मोलकरणी मोरीत हेच गुणगुणतात.

परवा एका बारमध्ये मी हेच गाणं तिसऱ्यांदा म्हणायला नकार दिला, तर एकाने बाटली फोडून आमच्या ग्विरावाल्याच्या गालात घातली. दात दिसत होते बाहेरून. सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो पट्टी बांधून ग्विराचा पत्रा खरवडायला हजर. लोक पेटतात याचा अर्थ गाणं चाललंय.

तबकडी काढायला सांगू शकत नाही, ताई. नऊ वर्षांत मला पहिल्यांदा लोक नावाने ओळखतात.

तुझा पोली


होया सेका, १६ एप्रिल १९७४

पोली,

आता नीट वाच आणि बोंगोवाल्याला ऐकवू नकोस.

गुड फ्रायडेला रीतीप्रमाणे मी ज्यूकबॉक्सवर चादर टाकली. शनिवारी दुपारी देवळाची घंटा झाली, चादर काढली आणि चौक भरला. सेकुंदिनो आला. टोपी, पांढरा सदरा, बरोबर दोन गुराखी. कोपऱ्यात कोन्फेसोर बसला होता. तो तुला आठवत असेल, जिभेला हाड नसलेला. त्याच्या कोकोच्या बागेत सेकुंदिनोने कुंपण सहा हात आत सरकवलंय, तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कोन्फेसोर उठला, पेटीत नाणं टाकलं, सतरा दाबलं आणि पेटीला टेकून सेकुंदिनोकडे बघत उभा राहिला.

रीत तुला माहीत आहे. दुसऱ्याच्या पैशाचं गाणं मध्ये तोडायचं नाही. तोडलं तर थोबाडीत मारल्यासारखं, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याला लागलं हे कबूल केल्यासारखं. म्हणून सेकुंदिनो बसून राहिला. कोन्फेसोरने दुसरं नाणं टाकलं. मग तिसरं. दुकानात कोणी पेला उचलेना. मी गल्ल्यामागे उभी होते, कोयता कुठल्या बाजूने निघेल ते बघत.

तिसऱ्यांदा गाणं संपलं आणि सेकुंदिनो उठला. मला वाटलं झालं आता. पण त्याने स्वतःच्या खिशातून नाणं काढलं, पेटीत टाकलं, सतरा दाबलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि चौथ्यांदा पूर्ण ऐकलं. मला म्हणाला, "तुमचा भाऊ छान गातो, एर्सिलियाबाई." आणि घरी गेला.

घरी त्याने नेरेइदाला अंगणात ओढलं. दोन्ही गुराख्यांना उभं केलं, झगा मानेपासून कंबरेपर्यंत फाडला आणि त्यांना विचारलं, "गाण्यात म्हणतात तो हाच का?" मग कोयत्याच्या सपाट पात्याने मारलं. तिच्या दोन पोरी दारात होत्या. मोठी सहा वर्षांची. आवाज माझ्या दुकानापर्यंत येत होता आणि आम्ही सगळे, पुरुष धरून, ऐकत होतो. कोणी उठलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोरफड घेऊन गेले. पाठीवर डाग कुठला आणि वळ कुठला, कळत नव्हतं. ती पालथी पडून एवढंच म्हणाली, "त्याला सांग, बंद कर."

मी पेटीचा प्लग काढून ठेवलाय, बिघडली म्हणून सांगते. तू काहीतरी कर. हा माणूस तिला जिवंत ठेवणार नाही.

एर्सिलिया


सांतो दोमिंगो, ३० एप्रिल १९७४

ताई,

तीन दिवस मी गिटारीला हात लावला नाही.

हो, डाग तिचाच. तुला ते आधीच माहीत होतं, मला कशाला कबूल करायला लावतेस? पण तिनेही मला टाकलं, हे खोटं आहे का? मी इथे पुलाखाली झोपत होतो आणि ती गुरंवाल्याच्या पलंगावर गेली. त्या दुःखातूनच गाणं आलं. दुःख माझं होतं, मी ते गायलं. त्याने तिला मारावं असं मी कुठे म्हटलं?

मी खूप विचार केलाय. ज्या तोंडाने बिघडवलं त्याच तोंडाने नीट करीन. इथे गाण्याला गाण्याने उत्तर द्यायची पद्धत आहे, एक शिवी देतो, दुसरा तबकडीवरच उत्तर देतो. तसं मी माझ्याच गाण्याला उत्तर देणार. त्यात स्पष्ट सांगणार की ती डागवाली दुसऱ्याच गावची होती. मालकाला कल्पना आवडली.

तू पेटीचा प्लग परत लाव. बंद ठेवलीस तर लोकांना वाटेल आपण घाबरलो.

पोली


होया सेका, १४ मे १९७४

पोली,

तू ते गाणं करू नकोस. जो सफाई देतो तो गुन्हेगार, असं या गावातलं शेंबडं पोरही समजतं. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. आज जे कुजबुजीत आहे ते तू लाउडस्पीकरवर लावशील.

आणि दुःख तुझं होतं म्हणतोस, तर ऐक. तू नऊ वर्षांपूर्वी दोन महिन्यांत नेतो म्हणून गेलास. ती दर शुक्रवारी टपालाची गाडी यायच्या वेळी माझ्या दुकानात येऊन बसायची, दोन वर्षं. मी तिला कॉफी द्यायचे आणि तोंड चुकवायचे, कारण मलाही तू पत्र टाकत नव्हतास. मग तिचा बाप मेला आणि काकाने तिला सेकुंदिनोला देऊन टाकली. तिने तुला टाकलं नाही, तू तिला टाकलंस. गाण्यात रडलास तू, आणि मार ती खातेय.

आता माझं. तुला धुऊन काढते तर मलाही काढायला हवं. प्लग मी आठ दिवसांतच परत लावला. शेजारच्या वाडीतून लोक ते गाणं ऐकायला येत होते, आणि मी माझ्या मनाला म्हटलं, पेटी माझी नाही, मी कोण बंद ठेवणारी. परवा नदीवर एक पोरगा तीच चाल शीळ घालून वाजवत होता. सेकुंदिनोने त्याची दोन बोटं तोडली. हवालदाराने लिहून घेतलं की पोरगा ऊस तोडताना घसरला. त्या दिवशी मी प्लग पुन्हा काढला आणि वायरच कापली. उशीर झाला, कळतंय मला.

सेकुंदिनो आता रोज संध्याकाळी नेरेइदाला अंगणात खुर्चीवर बसवतो आणि विचारतो, कुठे, कधी, किती वेळा. ती म्हणते, लग्नाच्या आधी एकदाच. तो म्हणतो, मग गाणं आता का आलं? याचं उत्तर तिच्याकडे नाही. तुझ्याकडे आहे, पण ते सांगायला इथे यावं लागेल, समोर उभं राहून. गाऊन नाही.

एर्सिलिया


सांतो दोमिंगो, २८ मे १९७४

ताई,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच गाणं भरून झालं होतं. आता ते परत कसं घेऊ? पण ऐकशील तेव्हा तूच म्हणशील, पोलीने शहाणपणा केला.

नुसतं गाणं नाही, मी आणखी पक्कं केलंय. रविवारी ९ जूनला दुपारी बाराला रेडिओवर निरोप वाचतात ना, कोण आजारी, कोणाची आई वारली, कोणाला बसस्टँडवर घ्यायला या, त्यात माझा निरोप लागेल. मी स्वतः लिहून दिलाय. "गायक पोलिबियो माता याच्याकडून होया सेकाचे आल्काल्दे दॉन सेकुंदिनो ब्रेया आणि त्यांच्या पत्नी नेरेइदा यांना आदरपूर्वक. पहिल्या गाण्यातली बाई त्या नव्हेत. पुढचं गाणं दोघांना अर्पण." निवेदक म्हणाला, फार सुंदर लिहिलंयत. माणूस कितीही जनावर असला तरी अख्ख्या देशासमोर दॉन म्हटल्यावर विरघळतो.

यायचं म्हणतेस, पण रविवारी दोन कार्यक्रम आहेत. नंतर बघू.

पोली


होया सेका, १३ जून १९७४

पोली,

कोन्फेसोर मेला. सेकुंदिनो मेला. नेरेइदा जिल्ह्याच्या तुरुंगात आहे. आता क्रमाने सांगते, कारण तू काय केलंस ते तुला क्रमाने कळायला हवं.

रविवारी बारा वाजता इथे प्रत्येक घरात रेडिओ लागतो. कोणाचं कोण मेलं ते ऐकल्याशिवाय कोणी जेवायला बसत नाही. सेकुंदिनो कोंबड्यांच्या झुंजीला गेला होता. आखाड्याच्या रमवाल्याकडेही रेडिओ होता. दोन कोंबडे आत सोडलेले, माणसं ओरडतायत, आणि तुझा निरोप लागला. सेकुंदिनोचं नाव आलं तसा सगळा आखाडा रेडिओकडे वळला. मग तिचं नाव आलं. मग तुझं गाणं. कोंबडे एकमेकांना फाडत होते आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

कोन्फेसोर समोरच्या फळीवर होता. तो म्हणाला, "काय दॉन सेकुंदिनो, नाव गाळायला सुद्धा त्याने तिचंच नाव घेतलं."

सेकुंदिनो फळी ओलांडून आखाड्यातून पलीकडे गेला. पहिला वार कोन्फेसोरने हातावर झेलला, हात कोपरापासून लोंबला. दुसरा मानेवर बसला. तो कोंबड्यांमध्येच पडला. त्याचे दोन्ही भाऊ झुंजीचे पैसे लावायला बाहेर गेले होते, ते येईपर्यंत भुसा सगळा लाल झाला होता. सेकुंदिनोने कोयता सदऱ्याला पुसला आणि घरचा रस्ता धरला.

नेरेइदानेही रेडिओ ऐकला होता. गाणं संपायच्या आत तिने पोरींना मागच्या वाटेने कोकोच्या बागेतून माझ्याकडे पाठवलं. स्वतः गेली नाही. मी नंतर विचारलं, का नाही आलीस. म्हणाली, "मी गेले असते तर तो पोरींच्या मागे आला असता."

उखळातलं कॉफी कांडायचं मुसळ घेऊन ती दाराच्या आड उभी राहिली. तो उंबऱ्यात वाकला, तेव्हा तिने डोक्यात घातलं. तो पडला आणि त्याने रिव्हॉल्वर काढलं. गोळी तिच्या मांडीतून आरपार गेली. मग ती थांबली नाही. हवालदाराने सात घाव मोजले. मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, मुसळ मांडीवर, आणि त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. तिने मला विचारलं, "पोरी जेवल्या का?"

तिला गाढवावर आडवी घालून नेली.

मी तुझी बहीण आहे म्हणून कोन्फेसोरच्या घरी दुखवट्याच्या नऊ दिवसांत मला दारात उभं करत नाहीत.

एर्सिलिया


सांतो दोमिंगो, २५ जून १९७४

ताई,

मी भलं करायला गेलो होतो, आईची शपथ.

काय करू ते सांग. सांगशील ते करीन.

पोली


होया सेका, २२ ऑगस्ट १९७४

पोली,

सांगशील ते करीन म्हणालास, म्हणून सांगते.

मी वकील दिलाय, म्हातारा आहे पण माणूस सरळ. तो म्हणतो, नवरा एक खून करून रक्ताचा कोयता घेऊन घरात शिरला, हिने जीव वाचवला, असं मानलं तर दोन-तीन वर्षांत सुटेल. पण सरकारी वकील वेगळंच मांडतोय. सेकुंदिनोचे भाऊ त्याच्या पाठीशी आहेत. त्याचं म्हणणं असं की तुझं आणि तिचं आतून चालू होतं, आणि रेडिओवरचा निरोप ही तुमची ठरलेली खूण होती. बाराला याराने नाव पुकारलं, दोनला नवरा मेला, आणि बाई दाराआड तयारच होती. तसं ठरलं तर वीस वर्षं.

हे खोटं आहे असं सांगणारा जगात एकच माणूस आहे. तू यायचं, कोर्टात उभं राहायचं आणि सांगायचं की नऊ वर्षांत मी तिला पाहिलं नाही, एक ओळ लिहिली नाही, ती दोन वर्षं थांबली आणि मी आलो नाही, गाण्यात लिहिलं ते खोटं. बस, एवढंच. कागदावर लिहून चालणार नाही, वकिलाने विचारून घेतलंय, न्यायाधीशाला माणूस समोर हवा.

तारीख ७ ऑक्टोबर. मी नेरेइदाला सांगितलं की तू येशील. पुढच्या भेटीत तिने पायात घालायला चप्पल मागितली. कोर्टात अनवाणी जायचं नाही म्हणाली.

एर्सिलिया


सांतो दोमिंगो, ५ सप्टेंबर १९७४

ताई,

मी येतो. ७ ऑक्टोबरला सकाळच्या बसने. सगळं खरं सांगीन, माझी नाचक्की झाली तरी चालेल. तिला सांग, या वेळी पोली चुकणार नाही.

पोली


सांतो दोमिंगो, १२ ऑक्टोबर १९७४

ताई,

मला शिव्या दे, पण आधी पुरतं वाच.

मी बसस्टँडवर गेलो होतो. तिकीट काढलं होतं. तिथे आपल्याकडचा एक आंबेवाला भेटला, तो म्हणाला कोन्फेसोरचे दोघे भाऊ कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून आहेत, पिशवीत काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. ताई, मी घाबरलो. बस सुटली आणि मी तिथेच उभा राहिलो. हे मी कुठल्या गाण्यात लिहिणार नाही, तुलाच सांगतोय.

वकिलाची तार आली की माझ्यासाठी तारीख १८ नोव्हेंबरवर ढकललीय. पण त्या पायऱ्या तिथेच असणार ना? म्हणून मी दुसरा मार्ग काढलाय. मी सगळं खरं गाण्यात घातलंय. मी तिला टाकलं, ती थांबली, तिचा काही दोष नाही, सगळं. त्याचं नाव "मुसळ". अख्खा देश ऐकेल, मग न्यायाधीश काय वेगळा राहणार आहे? फक्त ध्रुवपदात मालकाने एक ओळ बदलली. माझी ओळ होती, "पोरींसाठी तिने मुसळ उचललं." तो म्हणाला, पोरींसाठी कोण नाचणार? मी भांडलो, पण स्टुडिओचं घड्याळ त्याचं. ती ओळ सोडली तर बाकी अक्षरन् अक्षर खरं आहे.

नेरेइदाला माझा नमस्कार.

पोली


होया सेका, २ डिसेंबर १९७४

पोलिबियो,

तुझं गाणं मी कोर्टात ऐकलं.

सरकारी वकिलाने तबकडी आणली होती आणि ती वाजवायचं यंत्रही. न्यायाधीशाने परवानगी दिली. "माझ्यासाठी तिने मुसळ उचललं." खोली खच्चून भरली होती. गाणं चाललंय चांगलंच, कारण मागे उभी असलेली माणसं ध्रुवपद पुटपुटत होती आणि लिहून घेणाऱ्या कारकुनाचा पाय टेबलाखाली ठेका धरत होता. बाकीची कडवी कोणी ऐकली नाहीत. आपला म्हातारा वकील उठला, म्हणाला हे गाणं आहे, पुरावा नाही. सरकारी वकील म्हणाला, मग गाणारा कुठे आहे? सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मीही बघितलं, मूर्खासारखं.

कोन्फेसोरचे भाऊ पायऱ्यांवर होते, हे खरं. पण त्यांच्या पिशवीत भावाचा रक्ताचा सदरा होता, न्यायाधीशाला दाखवायला. धाकट्याने मला सांगितलं, "पोली आला असता तर आम्ही त्याला हात लावला नसता. तिच्या बाजूने बोलायला तोच एक होता." सेकुंदिनोने त्यांचा भाऊ मारला, तिने सेकुंदिनोला मारलं. त्यांना ती सुटायला हवी होती. तू विचारायचीही तसदी घेतली नाहीस.

न्यायाधीशाने नेरेइदाला विचारलं, काही बोलायचं आहे का. ती कुबडीवर उभी राहिली. म्हणाली, "या माणसाचं तोंड मी नऊ वर्षांत पाहिलेलं नाही. त्याचा आवाज मात्र रोज माझ्या घरात येत होता आणि त्याच्यासाठी मी मार खात होते. माझं म्हणणं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन." मग खाली बसली. वीस वर्षांची शिक्षा झाली.

पोरी माझ्याकडे आहेत. धाकटी झोपेत दचकते. मी ज्यूकबॉक्सवाल्याला पेटी घेऊन जा म्हणून सांगितलं, तो घेऊन गेला. आता लोक पलीकडच्या दुकानात जातात. तू मला पत्र लिहू नकोस आणि इकडे येऊ नकोस. कोणी काही करील म्हणून नाही. मला तुझं तोंड बघवणार नाही.

एक गोष्ट तुला माहीत असावी म्हणून लिहिते. तिला राजधानीतल्या बायकांच्या तुरुंगात हलवलंय, तुझ्या वस्तीपासून बसने अर्धा तास. परवा मी पोरींना घेऊन गेले होते. तिथे मधल्या अंगणात खांबावर कर्णा लावलाय आणि सकाळी सहापासून रेडिओ लावून ठेवतात, बायका शांत राहतात म्हणून. आम्ही तासभर बसलो, तेवढ्यात "मुसळ" दोनदा लागलं. बाकीच्या कैदी बायका नाचत होत्या आणि तिच्याकडे बोट दाखवून हसत होत्या, वाईट मनाने नाही, कौतुकाने.

निघताना मी विचारलं, पुढच्या वेळी काय आणू, साबण, झगा, कॉफी? ती म्हणाली, कानात घालायला कापूस आण. मी पोरींना फाटकापाशी उभं केलं, समोरच्या औषधाच्या दुकानातून दोन पुडकी घेतली आणि परत आत जाऊन तिला दिली.

एर्सिलिया